माट्टीला पायऱ्या लावताना

दुपारी दोनला निघू, उलगोमामा म्हणाला होता,
तेव्हा जनावर सावलीला पडलेलं असतं
आणि वारा म्हादईकडून वर चढतो,
पानं आपापसात इतकी बोलतात
की आपलं कुणाला ऐकू जात नाही.

पिशवीत बारा पायऱ्या. वाळपईच्या बाबलो च्यारीने
सळी वाकवून, टोकाला आटे पाडून दिलेल्या.
आट्यांना मी घरूनच कपड्यांचा साबण चोळला होता
आणि प्रत्येकीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला.
लोखंडाला लोखंड भेटलं की ते
पार सुर्ल्यापर्यंत सांगत सुटतं.

झाड मामाने निवडलं. माट्टी,
घाटावर हिला ऐन म्हणतात.
जून साल, चौकटी-चौकटींनी तडकलेली,
समोर खाली कोंड, अजून ढोपरभर पाणी असलेली.

गिरमिटाने आधी भोक, एका पेराएवढं,
आतल्या बाजूला जरासं उतरतं,
म्हणजे पायरीचं नाक वर राहतं, पाऊल निसटत नाही.
मग आटे टेकवायचे आणि फिरवायचं.
हात थकला की दुसरी पायरी तिच्या वाकात अडकवून
तिचीच तरफ करायची.
हातोडा नाही.
मामाच्या काळी कोयत्याने खाचा पाडायचे;
त्या आवाजाने, तो सांगतो,
एकदा पंधरा दिवस रानात काही फिरकलंच नव्हतं.

"अंतर माझ्या ढोपराचं धर, तुझ्या नाका."
त्याने खोडावर पाय टेकवून दाखवला,
जिथवर गेला तिथे मी कोळशाने रेघ ओढली.
फार वर गेला नाही.

कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं.
ठासणीची बंदूक त्याने स्वतः नेऊन दिली
त्याला अकरा वर्षं झाली.
पावती अजून तांदळाच्या डब्यात आहे,
दर पावसाळ्यात बाहेर काढून तो वाळवतो.

कमरेला दोर, दोरावर मी,
पाच पायऱ्या पायाखाली गेल्या.
सहावीला झाडाने पाणी सोडलं.
आधी थेंब, मग करंगळीएवढी धार
माझ्या मनगटावरून कोपरात.
सालीखाली ही पाणी साठवते हे ऐकून होतो.
मार्च महिन्यात, एवढ्या उन्हात,
कुणासाठी ठेवलं होतं कोण जाणे.

"काड ती," खालून मामा म्हणाला.
एवढ्या वेळात पहिल्यांदा मोठ्याने.
"वीतभर बाजूक लाय."
भोकात मेण दाबलं, बोटाने लिंपलं.
म्हणून सहावी पायरी ओळीत नाही,
काळोखात पायाला ती शोधावी लागेल.

नववीला बेचकं आलं. तीन उरल्या.

मग मामा चढला. धोतराचा काचा मारून,
एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत.
सहावीवर थांबला,
मेणाच्या जागेला गाल लावून
बराच वेळ कोंडीकडे बघत राहिला.
मला वाटलं दम लागला.
"पुरो," म्हणाला, आणि उतरला.

परतताना त्या उरलेल्या तिघींपैकी
एकीची ट्यूब कुठेतरी गळाली असणार.
ओहोळ ओलांडला आणि पिशवीत
खण्ण.

तीस पावलांवर, कारवीच्या मागे,
एक गवा उठून उभा राहिला.
अंगावर दुपारभराचा पाचोळा,
पायांत ते पांढरे मोजे.
म्हणजे तो आधीपासून तिथेच होता.
गिरमिट, साबण, माझा श्वास, मामाचं खोकला गिळणं,
सगळं ऐकत रवंथ करत पडलेला.
नाकातून एकदा फुंकर टाकली
आणि घाई न करता गेला.

मामा मटकन खाली बसला, तोंडावर पंचा धरून,
खांदे हलत होते.
हसतोय हे कळायला मला वेळ लागला.
"किदें शांत काम केलें रे आमी!"

रात्री हात धुताना तळवे निळे-काळे दिसले.
सालीच्या पाण्याची आणि लोखंडाची कसलीशी गाठ पडते,
साबणाने जात नाही.
चौथ्या दिवशी बाबलोचे उरलेले पैसे द्यायला गेलो
तेव्हाही डाग होता.
त्याने नोटा घेतल्या, हात उलटा करून बघितला,
म्हणाला, "माट्टी?"